पाकिस्तानी चित्रपटातील स्त्री : वाचा, मरण आणि क्षमा

विषयप्रवेश

मराठीतील चित्रपट-समीक्षेत पाकिस्तानी चित्रपटाला फारशी जागा मिळालेली नाही. फाळणीनंतर नूरजहाँ मुंबई सोडून गेल्या, येथपर्यंतची हकिकत आपल्याकडील जुन्या रसिकांना पाठ असते. त्यापुढचे बहुतेक सारे अंधारात राहते. त्याच नूरजहाँनी लाहोरमध्ये ‘चन वे’ (१९५१) या पंजाबी चित्रपटात नायिकेची भूमिका केली आणि त्याच्या दिग्दर्शनाचे श्रेयही त्यांच्या नावावर नोंदले गेले. म्हणजे नव्या राष्ट्राची चित्रसृष्टी उभी राहत असतानाच एक स्त्री कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना वावरत होती. पुढे शमीम आरा आणि संगीता या अभिनेत्रीही दिग्दर्शनाकडे वळल्या. संगीता यांचा ‘मुठ्ठी भर चावल’ (१९७८) हा चित्रपट राजिंदरसिंग बेदींच्या ‘एक चादर मैली सी’ या लघुकादंबरीवर आधारलेला आहे. पतीचा खून झाल्यावर, ज्याला मुलासारखे वाढवले त्या धाकट्या दिराशीच विधवेचे लग्न लावून देणाऱ्या प्रथेची ही कथा. बेदी मुंबईत राहून हिंदी चित्रपटांसाठी लेखन करीत होते. तरीही त्यांच्या या कादंबरीवर भारतात चित्रपट आला तो १९८६ मध्ये, लाहोरनंतर आठ वर्षांनी. पाकिस्तानी चित्रपट म्हणजे प्रारंभापासूनच मागासलेला चित्रपट, असा जो सोयीस्कर समज आपल्याकडे आढळतो, त्याला एवढ्या एका उदाहरणानेही तडा जावा.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या चित्रसृष्टीचा समग्र इतिहास हा नाही. स्त्रीच्या बाजूने उभे राहण्याचा स्पष्ट हेतू ठेवून जे चित्रपट २००३ नंतर पाकिस्तानात निर्माण झाले, त्यांपैकी ‘खामोश पानी’, ‘बोल’ आणि ‘जॉयलँड’ या तिघांचा येथे मुख्यतः विचार केला आहे. या तिन्ही चित्रपटांत सहानुभूती स्त्रीकडे आहे आणि तिन्ही चित्रपटांत ती स्त्री शेवटी मरते. एक विहिरीत उडी घेते, एक फाशी जाते, एक विष घेते. हा योगायोग मानावा काय, असा प्रश्न अभ्यासकाला पडतो. स्त्री मरणाच्या दारात उभी राहिल्यावरच तिचे म्हणणे ऐकू येते, अशी एखादी सवय या सहृदय चित्रपटालाही जडली आहे काय? आणि तशी असेल, तर ती ज्या समाजातून व कायद्यातून आली त्याच्याशी तिचे नाते काय?

१९७९ : कायदा आणि पडदा

या प्रश्नाचा शोध १९७९ या वर्षाकडे घेऊन जातो. जनरल झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीने फेब्रुवारी १९७९ मध्ये हुदूद अध्यादेश जारी केले. त्यांतील झिनासंबंधीच्या अध्यादेशाने विवाहबाह्य संबंध हा राज्याविरुद्धचा गुन्हा ठरवला. बलात्काराच्या गुन्ह्यात ‘हद’ची शिक्षा व्हावयाची तर चार प्रौढ मुस्लिम पुरुषांची प्रत्यक्ष साक्ष आवश्यक ठरली. परिणाम असा झाला की, बलात्काराची तक्रार सिद्ध न झाल्यास तीच तक्रार, किंवा तिच्यातून राहिलेला गर्भ, स्त्रीच्या व्यभिचाराचा पुरावा म्हणून तिच्यावर उलटू शकत असे. १९८३ मध्ये एका अंध मुलीला अशाच प्रकारे शिक्षा ठोठावण्यात आली. जनक्षोभानंतर वरच्या न्यायालयात ती रद्द झाली. पण कायद्याची रचना काय आहे, हे त्या एका खटल्याने जगासमोर आले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या ‘विमेन्स ॲक्शन फोरम’ या संघटनेने आणि तिच्यासोबतच्या स्त्रियांनी १२ फेब्रुवारी १९८३ रोजी लाहोरच्या मॉल रोडवर साक्षीच्या प्रस्तावित कायद्याविरुद्ध मोर्चा काढला व पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. तो साक्षीचा कायदा १९८४ मध्ये आलाच, आणि आर्थिक व्यवहाराच्या दस्तऐवजापुरती का होईना, एका पुरुषाच्या जागी दोन स्त्रिया साक्षीदार म्हणून लागू लागल्या.

हुदूद अध्यादेश निघाले त्याच महिन्यात ‘मौला जट्ट’ हा पंजाबी चित्रपट प्रदर्शित झाला. सुलतान राही यांच्या हातातील गंडासा हे पुढील दीड दशकाच्या पंजाबी चित्रपटाचे बोधचिन्ह बनले. त्यातील हिंसेमुळे राजवटीने चित्रपट रोखण्याचा प्रयत्न केला, तो न्यायालयाच्या स्थगितीमुळे फसला. या परंपरेच्या चित्रपटात स्त्रीची जागा ठरलेली असते. तिची अब्रू दोन घराण्यांच्या वैराचे निमित्त पुरवते, आणि वैर पुरेसे पेटेपर्यंत मधला वेळ तिच्या नृत्याने भरला जातो. राजवटीने स्त्रीला चादर आणि चार भिंतींत बसवायचे ठरवले असताना पडद्यावर मात्र तिच्या देहाचे ओंगळ प्रदर्शन वाढत गेले, याची विसंगती अनेकांनी नोंदवली आहे. प्रस्तुत लेखकास त्यात विसंगती दिसत नाही. अध्यादेश असो वा गंडासापट, दोन्हीकडे स्त्री ही पुरुषांनी राखायची किंवा लुटायची वस्तू आहे. तिला स्वतःला काय हवे, हा प्रश्न दोन्हीकडे उद्भवतच नाही.

त्याच १९७९ मध्ये विनोदी नट रंगीला यांनी ‘औरत राज’ काढला, ही गोष्ट मात्र खरोखरच चमत्कारिक म्हणावी लागेल. या चित्रपटात नवऱ्याच्या जाचाला कंटाळलेली बायको बंड करते, स्त्रियांचे राज्य येते आणि स्त्री-पुरुषांच्या भूमिकांची अदलाबदल होते. रस्त्यात छेड काढली जाते ती पुरुषांची, लाजतात ते पुरुष, नाचविले जातात तेही पुरुष. वहीद मुराद यांच्यासारखा प्रणयनायक आणि खुद्द सुलतान राही यांनी या उलट्या जगात कामे केली. चित्रपट ढोबळ आहे, कित्येक ठिकाणी बाष्कळही आहे. तरीही गंडासा घेणाऱ्या हातांनी त्याच वर्षी बायकी हावभाव करावेत, यातून जे टीकाभाष्य घडले ते त्या काळातील गंभीर चित्रपटांना साधले नाही. प्रहसनाला बोलण्याची जी मुभा असते तिचा हा लाभ होता. पुढे तीही मिळेनाशी झाली. चित्रपटगृहे ओस पडू लागली, कुटुंबे दूरचित्रवाणीकडे वळली आणि शिकलेली, बोलकी, हसरी नायिकाही तिकडेच गेली. हसीना मोईन यांच्या ‘अनकही’ (१९८२) व ‘धूप किनारे’ (१९८७) या मालिकांतील तरुणी आपल्याकडेही व्हिडिओ कॅसेटवर आवडीने पाहिल्या गेल्या. त्यांच्याकडे पाहताना त्या हुदूद अध्यादेशाच्या काळात वावरत आहेत असे क्षणभरही वाटत नाही. हे त्यांचे सामर्थ्य होते, आणि मर्यादाही.

‘खामोश पानी’ : विहिरीपाशी परतलेली स्त्री

सबीहा सुमार यांचा ‘खामोश पानी’ (२००३) याच १९७९ च्या पंजाबात घडतो. चरखी नावाच्या गावात आयेशा ही विधवा मुलींना कुराण शिकवून आपला चरितार्थ चालविते. सलीम हा तिचा एकुलता एक मुलगा. झुबेदा या मुलीवर त्याचे प्रेम आहे, पण झुबेदाला कॉलेजात शिकायचे आहे आणि सलीमला काय करायचे ते उमगलेले नाही. शहरातून आलेले जहाल प्रचारक अशा रिकाम्या तरुणांच्या शोधातच असतात. एवढ्यात भारतातून शीख यात्रेकरूंचा जथा येतो, आणि आयेशा ही मूळची वीरो नावाची शीख मुलगी होती हे उघड होते. १९४७ मध्ये गावातील शीख पुरुषांनी आपल्या बायकामुलींना अब्रू राखण्यासाठी विहिरीत उड्या घेण्यास भाग पाडले, तेव्हा वीरोने उडी न घेता पळ काढला होता. ती पकडली गेली, तिच्यावर अत्याचार झाले आणि पुढे ज्याने तिला ठेवून घेतले त्याच्याशी तिचा निकाह झाला.

ही कल्पित कथा असली तरी तिच्या मुळाशी इतिहास आहे. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा या गावात सुमारे नव्वद स्त्रियांनी विहिरीत उड्या घेतल्या. उर्वशी बुटालिया यांनी आपल्या ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ (१९९८) या ग्रंथात या घटनेच्या स्मृतींचा मागोवा घेतला आहे. ज्या मेल्या त्या हुतात्मा ठरल्या, त्यांचे स्मरण होत राहिले. ज्या वाचल्या त्यांच्याविषयी घराण्यांनी मौन पाळले. सुमार यांच्या चित्रपटाचा विषय हे दुसरे मौन आहे, आणि येथेच त्याची थोरवी आहे.

आयेशा गावाच्या विहिरीवर कधीच जात नाही. तिच्या घरचे पाणी दुसरे कोणी तरी भरून आणते. आरंभी हा तपशील प्रेक्षकाच्या नजरेत भरतही नाही. विहीर म्हणजे काय हे कळल्यावर मात्र त्या न भरलेल्या प्रत्येक हंड्याचा अर्थ लागतो. तीस-बत्तीस वर्षे एका बाईने रोजच्या पाण्याच्या वाटेलाही वळसा घातला आणि गावाने त्याचे कारण कधी विचारले नाही, कारण गावाला ते माहीत होते. गावाच्या या सोयीस्कर शांततेवर तिचे सारे आयुष्य उभे असते. यात्रेकरूंतील तिचा भाऊ तिला शोधत येतो, मरणपंथाला लागलेल्या बापाला भेटायला चल म्हणतो, तेव्हा तिचा संताप उसळतो. जो बाप मला मारून स्वतःचे समाधान राखू पाहत होता तो मला जिवंत, आणि तीही मुसलमान झालेली पाहून काय करणार, असा तिचा रोख आहे. भारतीय अभिनेत्री किरण खेर यांनी हा प्रसंग आवाज न चढविता केला आहे. लोकार्नो महोत्सवात २००३ मध्ये चित्रपटाला सुवर्ण बिबट्या आणि त्यांना अभिनयाचा पुरस्कार मिळाला. पटकथा मुंबईच्या पारोमिता वोहरा यांची होती, हेही नमूद करावयास हवे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या स्त्रियांनी मिळून हे मौन फोडले.

पुढे मुलगाच आईला चारचौघांत आपले मुसलमानपण जाहीर करण्यास सांगतो. शेजारणी दुरावतात. आयेशा एका पहाटे त्याच विहिरीकडे जाते. या शेवटावर असा आक्षेप घेता येईल की, १९४७ मध्ये जगण्याची निवड करणाऱ्या स्त्रीला दिग्दर्शिकेने अखेर बापाच्याच इच्छेकडे परत पाठविले. आक्षेप निराधार नाही. परंतु चित्रपट तेथे संपत नाही. या मरणाचे हौतात्म्य कोणी साजरे करीत नाही, कोणत्याच धर्माला ते आपले म्हणता येत नाही. २००२ मधील रावळपिंडीत मोठी झालेली झुबेदा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नेता बनलेल्या सलीमला पाहते, आणि आयेशाची आठवण तिच्यापाशी उरते. पुरुषांची स्मृती स्मारके उभारते. येथे ती एका तरुण स्त्रीच्या मनात, कसलाही सोहळा न होता टिकून राहते. प्रस्तुत लेखकाला हा शेवट खिन्न वाटतो, खोटा वाटत नाही.

‘बोल’ : चौथऱ्यावरचे भाषण

शोएब मन्सूर यांच्या ‘बोल’ (२०११) विषयी असे म्हणता येत नाही. झैनब फाशीच्या चौथऱ्यावर उभी राहून पत्रकारांपुढे आपली कहाणी सांगते, हा चित्रपटाचा साचाच आहे. लाहोरमधील एका हकिमाला मुलाच्या हव्यासापायी मुलींमागून मुली होतात. तृतीयपंथी म्हणून जन्मलेल्या सैफीला तो अखेर स्वतःच्या हातांनी मारतो. ते दडपण्यासाठी मशिदीचे पैसे लाच म्हणून देतो. आणि ते भरून काढण्यासाठी कोठीवरील स्त्रीच्या पोटी मुलगी जन्माला घालण्याचा सौदा पत्करतो. कोठीवर मुलगी हवी असते आणि घरात मुलगा, या एका उलट्या हिशेबात मन्सूर यांनी संपूर्ण व्यवस्थेचा नफातोटा मांडला आहे. ही कल्पना बिनतोड आहे. त्या तान्ह्या मुलीला बाप मारू लागतो तेव्हा झैनब त्याला मारते.

चित्रपटाने पाकिस्तानात आणि भारतातही मोठा प्रेक्षकवर्ग मिळविला. मन्सूर यांच्या ‘खुदा के लिये’ (२००७) ने २००८ मध्ये भारतातील चित्रपटगृहांची दारे पाकिस्तानी चित्रपटाला पुन्हा उघडून दिली होती, त्याचाही लाभ झाला असावा. परंतु झैनबच्या तोंडी दिग्दर्शकाने एवढे विचार घातले आहेत की तिचा स्वतःचा आवाज त्यांत दबून जातो. मारणे गुन्हा असेल तर पोसण्याची ऐपत नसताना जन्माला घालणे गुन्हा का नाही, हा तिचा अखेरचा प्रश्न परिणामकारक आहे. पण तो जितका झैनबचा आहे तितकाच कुटुंबनियोजनाच्या प्रचारकाचा आहे. याच झैनबने पूर्वी एक कृती केलेली असते. बापाला न कळू देता ती आईला दवाखान्यात नेऊन तिची नसबंदी करून आणते. त्या चोरट्या प्रवासात, दोन बायकांच्या त्या कटात जे नाट्य आहे ते चौथऱ्यावरील भाषणात नाही. चित्रपटाला मात्र भाषण अधिक महत्त्वाचे वाटले. मरणाच्या उंबरठ्यावर स्त्रीला व्यासपीठ देण्याची सवय म्हणतात ती हीच.

अफिया नथॅनिएल यांच्या ‘दुख्तर’ (२०१४) ने या सवयीपासून सुटण्याचा प्रयत्न केला. टोळ्यांचे वैर मिटविण्यासाठी दहा वर्षांच्या मुलीचे लग्न म्हाताऱ्या सरदाराशी ठरते आणि आई मुलीला घेऊन पळ काढते. चित्रपटभर ती चालते, धावते, ट्रकमध्ये लपते. भाषण करायला तिला उसंतच मिळत नाही. उत्तरार्धात ट्रकचालकाच्या निमित्ताने कथा भरकटते, तरीही स्त्री आपल्या पायांनी अंतर कापत आहे एवढ्यानेच तो चित्रपट लक्षात राहतो.

क्षमा कोणी करावयाची?

पडद्यावरील मरण आणि प्रत्यक्षातील मरण यांच्यामध्ये कायद्याचा एक दुवा आहे. १९९० पासून लागू झालेल्या किसास व दियत यांच्या कायद्यानुसार खून हा मुख्यतः मृताच्या वारसांविरुद्धचा गुन्हा ठरतो आणि वारस मारेकऱ्याला क्षमा करू शकतात. भावाने बहिणीला मारले तर वारस कोण? आईबापच. म्हणजे एका अपत्याच्या खुनाबद्दल दुसऱ्या अपत्याला माफ करण्याचा अधिकार त्यांच्याकडे येतो.

शर्मीन ओबैद-चिनॉय यांच्या ‘अ गर्ल इन द रिव्हर’ (२०१५) या माहितीपटातील सबा ही गुजरांवालाची तरुणी स्वतःच वाचली, म्हणून क्षमेचा प्रश्न तिच्यापुढेच आला. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केले म्हणून बाप व काका यांनी तिला गोळी घातली, पोत्यात घालून पाण्यात टाकले. ती बाहेर आली, न्यायालयात उभी राहिली, आणि मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांच्या दबावाखाली तिला बापाला क्षमा करावी लागली. सुटून आलेला बाप कॅमेऱ्यापुढे पश्चात्ताप व्यक्त करीत नाही. आपली प्रतिष्ठा वाढल्याचे सांगतो. स्त्रीच्या इच्छेला लग्न करताना शून्य किंमत होती. पुरुषाला सोडविण्यासाठी मात्र तिच्याच संमतीची गरज पडते. कल्पित चित्रपटाला इतका निर्दय उपरोध सुचला नसता.

या माहितीपटाला फेब्रुवारी २०१६ मध्ये ऑस्कर मिळाले, त्याच सुमारास तो तत्कालीन पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या निवासस्थानी दाखविला गेला. जुलै २०१६ मध्ये समाजमाध्यमांवर गाजलेल्या कंदील बलोचचा तिच्या भावाने खून केला. ऑक्टोबर २०१६ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून अब्रूपायी केलेल्या खुनात वारसांनी क्षमा केली तरी जन्मठेप अनिवार्य केली. चित्रपटाने कायदा बदलला, असे तेव्हा लिहिले गेले. त्यानंतरची हकिकत अशी की, कंदीलच्या भावाला २०१९ मध्ये झालेली जन्मठेप फेब्रुवारी २०२२ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाच्या मुलतान खंडपीठाने रद्द केली. आईने त्याला क्षमा केली होती. खून अब्रूपायीच झाला हे आधी न्यायालयाला पटावे लागते, आणि घरच्याच माणसांच्या साक्षी फिरल्यावर ते पटणे कठीण असते. आपल्याकडील खटल्यांतही साक्षीदार असेच फिरतात, तेव्हा याकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहण्याचे कारण नाही.

‘जॉयलँड’ : बंद झालेले काम

सैम सादिक यांचा ‘जॉयलँड’ (२०२२) कान महोत्सवात ‘अं सर्तें रगार’ विभागातील ज्यूरी पारितोषिक मिळवून आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने आधी दिलेले प्रमाणपत्र मागे घेतले, काही काटछाट करून पुन्हा परवानगी दिली आणि पंजाब प्रांताने बंदी कायम ठेवली. ज्या लाहोरची ही कथा, तेथेच ती दाखविता आली नाही. सारा वाद हैदर हा विवाहित तरुण आणि बिबा ही तृतीयपंथी नर्तकी यांच्या संबंधाभोवती फिरला. समर्थकांनी बिबाची बाजू घेतली, विरोधकांनी तिलाच लक्ष्य केले. या गदारोळात हैदरची बायको मुमताज दोन्ही पक्षांच्या नजरेतून निसटली, आणि हे नेमके चित्रपटात तिच्या वाट्याला जे येते तसेच झाले.

मुमताज ब्यूटी पार्लरमध्ये नववधू सजविण्याचे काम करते. एकदा वीज जाते, तेव्हा मोबाइलच्या उजेडात ती नवरीचा चेहरा पुरा करते. तिच्या कामावरील हुकमतीचे याहून चांगले चित्रण करता येणार नाही. हैदरला नोकरी लागते आणि म्हाताऱ्या सासऱ्याच्या घरात ठरते की आता सुनेने घरी राहावे. कोणी ओरडत नाही, कोणी हात उगारत नाही. चार माणसे बसतात, बोलतात आणि एका बाईचे काम बंद होते. हकिमाचे क्रौर्य येथे नाही. आहे ती सभ्य, मवाळ, सर्वांना परवडणारी सोय. हैदर दुष्ट नाही, तो फक्त गप्प बसतो. त्याच्या स्वतःच्या सुटकेचा प्रवास सुरू असतो आणि त्या सुटकेची किंमत घरी कोण मोजते आहे हे पाहण्याइतकी उसंत त्याला नसते.

मुमताजलाही मुलगा होणार आहे असे कळते, घर आनंदते. आणि ती मरते. तिन्ही चित्रपटांतील हे एकच मरण असे आहे की ज्यापूर्वी भाषण नाही, कबुली नाही, पहाटेची प्रार्थनाही नाही. बोलते ती तिची जाऊ नुच्ची, आणि तीही नंतर. एकाच पाळण्यात बसून हसलेल्या या दोन जावांमधील स्नेह हा चित्रपटाचा खरा गाभा आहे. मुली जन्माला घालून थकलेली नुच्ची अख्ख्या घराला जबाबदार धरते तेव्हा तिच्या संतापाला व्यासपीठ नसते, श्रोते असतात ते फक्त गुन्हेगारच.

चित्रपट संपण्यापूर्वी सादिक काळात मागे जातात. लग्न ठरल्यावर हैदर मुमताजला भेटायला आलेला आहे. तिला हे लग्न हवे आहे ना, एवढेच त्याला विचारायचे आहे. तिच्या घरातील, आणि बहुधा त्याच्याही घरातील, हा पहिलाच पुरुष असावा जो तिला काही विचारतो. ती एकच गोष्ट मागते : लग्नानंतर काम करू देणार ना? तो हो म्हणतो.